‘पोलीस कारवाई’नंतरचे मौन : सुंदरलाल अहवाल आणि मराठी स्मृतिलेखन

९ डिसेंबर १९४८ रोजी पॅरिस येथे संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेने वंशसंहारविरोधी करार संमत केला. राफाएल लेमकिन या कायदेपंडिताने १९४४ मध्ये घडवलेल्या एका नव्या शब्दाला त्या दिवशी आंतरराष्ट्रीय कायद्याचे अधिष्ठान मिळाले. नेमक्या त्याच आठवड्यांत पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफार आणि मौलाना अब्दुल्ला मिसरी हे तिघेजण हैदराबाद संस्थानाच्या जिल्ह्याजिल्ह्यांतून फिरत होते. २९ नोव्हेंबर ते २१ डिसेंबर १९४८ हा त्यांच्या दौऱ्याचा काळ. या दोन घटनांत कोणताही कार्यकारणसंबंध नाही. तरीही त्या शेजारी ठेवल्या म्हणजे एक प्रश्न स्पष्ट होतो. सामूहिक हत्येला नाव देण्याची सोय ज्या काळात जगाला झाली, त्याच काळात मराठी भाषकांच्या एका मोठ्या प्रदेशात झालेल्या हत्यांना नाव मिळणार नाही अशी व्यवस्था झाली. ती व्यवस्था कशी झाली आणि मराठी गद्यावर तिचा कोणता ठसा उमटला, याचा विचार समीक्षेने फारसा केलेला नाही.

घटनाक्रम अभ्यासकांना परिचित असला तरी त्याचा उत्तरार्ध परिचित असतोच असे नाही. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य संस्थानात शिरले. मुख्य तुकडी सोलापूरकडून नळदुर्गमार्गे आत आली. १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती जाहीर केली. मेजर जनरल जे. एन. चौधरी लष्करी प्रशासक झाले. कासिम रझवी याच्या नेतृत्वाखालील रझाकारांनी त्यापूर्वीच्या वर्षभरात गावोगाव जी लूट, जाळपोळ आणि हत्यासत्रे केली, त्यांचा अंत झाला. इथवरचा भाग शालेय पाठ्यपुस्तकांतही असतो. परंतु पुढील काही आठवड्यांत संस्थानातील मुसलमानांवर प्रतिहल्ले झाले, आणि त्यांची व्याप्ती तपासण्यासाठी पंतप्रधान नेहरूंच्या सांगण्यावरून उपरोक्त तिघांचे शिष्टमंडळ गेले.

त्या वेळच्या सोळा जिल्ह्यांपैकी नऊ जिल्ह्यांत ते गेले आणि जिथे जाता आले नाही अशा शंभराहून अधिक गावांतील माणसांच्या जबान्या त्यांनी घेतल्या. संपूर्ण संस्थानात किमान २७ ते ४० हजार माणसे पोलीस कारवाईच्या काळात आणि तिच्यानंतर मारली गेली, असा त्यांचा अंदाज होता. उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड या चार जिल्ह्यांनाच त्यातील सर्वांत मोठा वाटा, सुमारे १८ हजारांचा, आला. यांपैकी दोन जिल्हे आज महाराष्ट्रात आहेत आणि तिसऱ्याच्या मोठ्या भागात मराठी बोलली जाते. लातूर हे रझवीचे गाव; तेथे तो वकिली करीत असे. त्या गावात हत्या वीस दिवसांहून अधिक काळ चालू राहिल्या आणि सुमारे दहा हजार मुसलमान वस्तीपैकी जेमतेम तीन हजार माणसे तेथे उरलेली दिसली, असे अहवाल नोंदवतो. विहिरींत टाकलेली प्रेते, पळवून नेलेल्या स्त्रिया, सक्तीची धर्मांतरे यांच्या नोंदी त्यात आहेत. सैन्यापाठोपाठ सोलापूर व अन्य ठिकाणांहून शिरलेल्या सशस्त्र टोळ्यांचा उल्लेख आहे. सैनिक व पोलीस काही ठिकाणी लुटीत आणि त्याहून गंभीर कृत्यांत सामील झाले, हेही लिहिलेले आहे. त्याचबरोबर अनेक सेनाधिकाऱ्यांच्या वर्तनाची प्रशंसा आहे, आणि शेजारी मुसलमानांना वाचवणाऱ्या हिंदूंचीही नोंद आहे. रझाकारांच्या जुलमांकडेही त्याने डोळेझाक केलेली नाही.

या अहवालाचे काय झाले, हा प्रस्तुत विवेचनाचा खरा प्रारंभबिंदू. गृह व संस्थान खात्याची धुरा वाहणारे वल्लभभाई पटेल यांनी त्यातील आकडे खोडून काढण्याचा मार्ग पत्करला नाही. भारत सरकारने असे कोणतेही सदिच्छा शिष्टमंडळ पाठवलेच नव्हते, अशी भूमिका त्यांनी घेतली. शिवाय रझाकारांनी आधी केलेल्या अत्याचारांकडे या मंडळींनी पुरेसे लक्ष दिले नाही, हा आक्षेप होताच. अहवाल सरकारने प्रसिद्ध केला नाही. विल्फ्रेड कँटवेल स्मिथ यांचा या विषयावरील लेख १९५० मध्ये परदेशातील एका नियतकालिकात आला. अहवालातील मजकूर लोकांपुढे येण्यास उमर खालिदी यांचे १९८८ चे संकलन आणि पुढे ए. जी. नूरानी यांचे लेखन यावे लागले. दिल्लीच्या नेहरू स्मारक संग्रहालय व ग्रंथालयात (२०२३ पासून प्रधानमंत्री संग्रहालय) त्याची प्रत अभ्यासकांना पाहता येते, ही गोष्ट सामान्य वाचकांपर्यंत पोहोचली ती २०१३ च्या सुमारास.

येथे नकाराचा जो प्रकार दिसतो तो साहित्यशास्त्राच्या अभ्यासकाला विशेष मनोवेधक वाटावा. संहितेतील विधाने असत्य आहेत असे म्हणण्यासाठी आधी संहिता वाचावी लागते, तिच्याशी वाद घालावा लागतो. संहितेला कर्ताच नाही, तिला कोणी लिहावयास सांगितले नव्हते, असे म्हटले की वाचण्याची आवश्यकताच संपते. ‘लेखकाचा मृत्यू’ ही कल्पना फ्रेंच समीक्षेत रूढ होण्यापूर्वी वीस वर्षे एका भारतीय मंत्रालयाने ती अशा रीतीने अमलात आणली होती, असे काहीशा उपरोधाने म्हणता येईल.

एक खुलासा आवश्यक आहे. हैदराबादमधील हत्यांना ‘वंशसंहार’ ही संज्ञा लावण्याचा आग्रह येथे नाही. १९४८ च्या कराराला एखादा समूह नष्ट करण्याचा हेतू सिद्ध व्हावा लागतो. दिल्लीच्या पातळीवर तसा हेतू होता असे मानण्यास आधार नाही, उलट चौकशीला माणसे दिल्लीनेच धाडली होती. सुनील पुरुषोत्तम यांच्यासारखे अलीकडचे इतिहासकार या हिंसेचा विचार नव्या राज्यसंस्थेच्या घडणीचा भाग म्हणून करतात, आणि तो अधिक फलदायी आहे. परंतु कृत्याचे नाव कोणतेही ठरो, नकाराची यंत्रणा मात्र मोठ्या आणि मान्यताप्राप्त वंशसंहारांच्या बाबतीत दिसते तीच आहे. स्टॅन्ली कोहेन यांनी २००१ च्या आपल्या ग्रंथात नकाराच्या तीन तऱ्हा सांगितल्या आहेत : घडलेच नाही असे म्हणणे, घडले पण त्याला तसे म्हणता येणार नाही असे म्हणणे, आणि घडले, तसेच होते, परंतु त्यातून कोणतेही उत्तरदायित्व निष्पन्न होत नाही असे सुचवणे. हैदराबादच्या बाबतीत पहिली तऱ्हा अल्पकाळ टिकली. दुसरी आणि तिसरी मात्र भाषेत मुरल्या.

*

‘पोलीस कारवाई’ हा शब्द आधी पाहू. रणगाडे आणि विमाने घेऊन झालेल्या मोहिमेला हे नाव का मिळाले याचे राजनैतिक कारण ज्ञात आहे. हैदराबादने ऑगस्ट १९४८ मध्ये सुरक्षा समितीकडे तक्रार नेली होती. हा दोन राज्यांमधील संघर्ष नसून भारताचा अंतर्गत प्रश्न आहे हे भारताला ठसवायचे होते. त्या काळच्या दृष्टीने ही भूमिका समजण्याजोगी आहे. परंतु शब्द आपल्या प्रयोजनापेक्षा अधिक काळ जगतात. युद्ध म्हटले की युद्धात मेलेल्यांची गणती, युद्धोत्तर चौकशी, युद्धकैदी, निर्वासित असे सगळे शब्दकुल त्याच्यामागून येते. पोलीस कारवाईच्या मागून यातले काहीच येत नाही. पोलीस कारवाई यशस्वी होते आणि संपते. तिला ‘नंतर’ नसते. पुढील नकाराची जागा अशा रीतीने नामकरणातच तयार झाली होती.

मराठीने दुसरा शब्द स्वीकारला तो ‘मुक्तिसंग्राम’. त्यात खोटे काही नाही. स्टेट काँग्रेसचा सत्याग्रह, स्वामी रामानंद तीर्थांचे नेतृत्व, सरहद्दीवरील छावण्या, तुरुंगवास आणि हौतात्म्य हे सारे खरे आहे आणि मराठवाड्याने ते अभिमानाने जपावे यात गैर काहीच नाही. उर्दूने त्याच घटनेला ‘सुकूत-ए-हैदराबाद’, हैदराबादचे पतन, असे म्हटले. म्हणजे एकाच तारखेला एका भाषेत मुक्ती झाली, दुसरीत पतन झाले आणि राज्यकारभाराच्या भाषेत यांपैकी काहीच न होता केवळ कारवाई झाली. मराठवाड्यातील कित्येक खेड्यांत या तिन्ही भाषा एकाच गल्लीत नांदत होत्या. मराठी आणि दखनी यांच्यातील देवघेव इतकी जुनी आहे की, या एका घटनेपुरते त्यांचे शब्द परस्परांत मिसळले नाहीत याचे आश्चर्य वाटावे.

मराठीला या काळाने एक शब्द मात्र कायमचा दिला. ‘रझाकार’ या शब्दाचा मूळ अर्थ स्वयंसेवक. आज मराठीत तो जुलमाचा पर्याय आहे. ‘रझाकारी’ हे भाववाचक नाम विधानसभेतील भाषणापासून गावच्या भांडणापर्यंत कोठेही वापरता येते, आणि वापरणाऱ्याला १९४८ चा संदर्भ ठाऊक असण्याची गरज नसते. एखादी यातना भाषेने पचवली म्हणजे तिचे असे सामान्यनाम होते. सप्टेंबरनंतरच्या हिंसेला असे सामान्यनाम लाभले नाही. लातूरमध्ये वीस दिवस जे चालले त्याला प्रमाण मराठीत शब्द नाही. ज्या गोष्टीला नाम नाही तिला विशेषण लावता येत नाही, तिची उपमा देता येत नाही, तिच्यावरून म्हण तयार होत नाही. राज्यसंस्थेच्या नकाराचा सर्वांत टिकाऊ परिणाम शोधावयाचा तर तो अभिलेखागारापेक्षा शब्दकोशात शोधावा लागेल.

शब्दांपलीकडे वाक्यरचनेचा प्रश्न आहे. मुक्तिसंग्रामविषयक सर्वसामान्य मराठी लेखनात, स्मरणिकांत, गौरवग्रंथांत, वर्तमानपत्री पुरवण्यांत, सप्टेंबरनंतरच्या काळाविषयी जे वाक्य येते ते साधारणतः असे असते : रझाकारांच्या अत्याचारांनी संतप्त झालेल्या जनतेकडून काही ठिकाणी अनुचित प्रकार घडले. हे वाक्य कोणा एकाचे नाही. म्हणूनच ते महत्त्वाचे आहे. त्यात क्रियापद ‘घडणे’ हे आहे. घडणे अकर्मक आहे. पाऊस पडतो तसे प्रकार घडतात. ‘जनतेकडून’ या रूपात कर्ता उरला आहे तो नावापुरता, आणि त्यालाही आधीच्या विशेषणाने दोषमुक्त केले आहे. ज्यांच्यावर हे घडले ते वाक्यात कोठेच नाहीत. कर्माची जागा ‘प्रकार’ या शब्दाने घेतली आहे. याच्या शेजारी त्याच लेखनातील पूर्वार्धाचे वाक्य ठेवावे : रझाकारांनी गाव लुटले, घरे जाळली, माणसे मारली. येथे कर्ता ‘नी’ प्रत्यय घेऊन ठामपणे उभा आहे, क्रियापदे सकर्मक आहेत, कर्मे डोळ्यांपुढे येतात. मराठीच्या प्रयोगव्यवस्थेत दोन्ही रचना निर्दोष आहेत. परंतु एकाच परिच्छेदात, एकाच प्रदेशाविषयी, दोन महिन्यांच्या अंतराने घडलेल्या दोन हिंसांसाठी भाषा प्रयोग बदलते, तेव्हा तो बदल व्याकरणाचा राहत नाही.

‘प्रतिक्रिया’ हा शब्द याच रचनेचा आधारस्तंभ होय. प्रतिक्रिया या संकल्पनेत कालक्रमाला नैतिक क्रमाचे रूप दिले जाते; जे आधी झाले ते कारण, जे नंतर झाले ते कार्य, आणि कार्याला स्वतंत्र चौकशी नसते. रझाकारांची हिंसा आधीची होती हे सत्य आहे. संतापाला कारण होते हेही सत्य आहे. तथापि लातूरमध्ये जे मारले गेले ते रझाकार होते का, हा प्रश्न ‘प्रतिक्रिया’ हा शब्द विचारूच देत नाही. मारणारे सीमेपलीकडून आले असतील तर ती प्रतिक्रिया कोणाची, हाही प्रश्न मग उरत नाही.

कथनाच्या पातळीवर हीच गोष्ट शेवटाच्या रूपाने दिसते. मुक्तिसंग्रामाच्या आठवणींचा जो आराखडा मराठीत स्थिरावला त्याचा शेवट १७ सप्टेंबरला होतो. पुढे काही असलेच तर ते १९५६ च्या भाषावार पुनर्रचनेत मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला तेथून सुरू होते. मधली आठ वर्षे उपसंहारात जातात. अनंत भालेराव किंवा नरहर कुरुंदकर यांच्यासारख्या विचारवंतांनी हा प्रदेश आणि हा लढा यांविषयी केलेले लेखन या साच्याहून कितीतरी अधिक गुंतागुंतीचे आहे. अपवाद नाहीत असे नव्हे. परंतु साचा अपवादांनी मोडत नाही. हेडन व्हाइट यांनी इतिहासलेखनातील कथानकबंधांची जी चर्चा केली आहे तिच्या परिभाषेत सांगायचे तर हा अद्भुतरम्य शौर्यकथेचा बंध आहे : अंधार, झुंज, पहाट. पहाटेनंतर विहिरीपाशी काय दिसले हे सांगण्यासाठी दुसरा बंध लागतो, आणि तो मराठीत तयार झाला नाही.

*

मराठी कादंबरीने तरी तो का घडवला नाही? या प्रश्नाचे एक उत्तर वाचकवर्गाच्या रचनेत आहे. ठाण्यातील नौपाडा, डोंबिवली, दादर, पुण्याच्या पेठा या वस्त्यांतील मध्यमवर्ग हा दीर्घकाळ मराठी ग्रंथव्यवहाराचा आधार राहिला. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे आहे. वाचनाची इतकी जुनी परंपरा असलेल्या गावात हैदराबादचा विषय मात्र अनुभवातून येण्याची शक्यता नव्हती. ठाणे जिल्हा मुंबई प्रांतात होता, त्याचे स्वातंत्र्य १५ ऑगस्टला आले. नौपाड्यातील वाचकाला १७ सप्टेंबर हा दिवस छापील मजकुरातून आणि मराठवाड्यातून आलेल्या स्थलांतरितांच्या तोंडूनच कळणार. छापील मजकूर वर सांगितलेल्या साच्यातला. आणि मराठवाड्यातून ज्यांना लिहिण्याची, छापण्याची, मुंबई-पुण्याच्या प्रकाशकापर्यंत पोहोचण्याची संधी होती त्यांत ज्यांची माणसे लातूरला किंवा नांदेडला मारली गेली ते जवळजवळ नव्हतेच. त्यांची लिहिण्याची भाषा उर्दू होती. उस्मानिया विद्यापीठातील शिक्षणाचे उर्दू माध्यम बंद झाले, नोकरीच्या वाटा आखडल्या आणि ज्या भाषेत त्यांना लिहिता आले असते तिचा वाचक त्यांच्याच गावात एका पिढीत आटला. त्यांची नातवंडे मराठीत शिकली. १९९० मध्ये पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले ते सोलापूरला, आणि त्याचे अध्यक्ष होते फ. म. शहाजिंदे. ज्या गावातून १९४८ मध्ये सैन्य निघाले तेथेच चार दशकांनी मराठवाड्यातील मुसलमान लेखक मराठीत आपले घर मागत होता, हा योगायोग कोणी योजलेला नसला तरी दुर्लक्षिण्याजोगा नाही.

या लेखकांपुढची अडचण केवळ संधीची नव्हती. ज्यां-फ्रान्स्वा ल्योतार यांनी १९८३ मध्ये ज्या स्थितीचे विश्लेषण केले ती येथे लागू पडते. नाझी छळछावण्या नाकारणारा विचारतो : गॅस चेंबर आतून पाहिलेला साक्षीदार दाखवा. असा साक्षीदार असू शकत नाही, म्हणून घटना नाही. ल्योतारांच्या मते हानी झालेल्या माणसाकडून हानी सिद्ध करण्याचे साधनही काढून घेतले जाते तेव्हा तो खऱ्या अर्थाने बळी ठरतो. हैदराबादमध्ये साधन होते. तीन माणसांनी ते हिंडून गोळा केले होते. मग त्या साधनाचे अस्तित्व नाकारले गेले.

आर्मेनियन वंशाचे फ्रेंच विचारवंत मार्क निशानियन याहून पुढे जातात. १९१५ च्या आर्मेनियन हत्याकांडाचा तुर्कस्तानने शतकभर केलेला नकार हा त्यांचा विषय. नकारामुळे वाचलेल्या माणसाला आयुष्यभर पुरावे सादर करत राहावे लागते. त्याचे प्रत्येक बोलणे जबानी होते, आणि जबानी झालेले बोलणे शोक राहत नाही. साहित्याच्या दृष्टीने हा विचार मोलाचा आहे. नकाराच्या छायेत लिहिणाऱ्यापुढे दोनच आकार उरतात : अर्ज आणि मौन. तिसरा आकार, ज्यात माणूस काहीही सिद्ध न करता आपल्या मेलेल्यांविषयी बोलतो, तो सहज उपलब्ध होत नाही. मराठीतील मुसलमान लेखकाला रझाकारांचा निषेध आधी नोंदवावा लागतो आणि मगच स्वतःच्या घराविषयी बोलता येते, ही जी एक अलिखित अट आहे ती याच स्थितीचे देशी रूप होय.

तुर्की साहित्यात तिसरा आकार सापडला तो अनपेक्षित ठिकाणी. फेथिये चेतिन या वकीलबाईंनी २००४ मध्ये आपल्या आजीविषयी एक लहानसे पुस्तक प्रसिद्ध केले. सेहेर नावाची ही मुसलमान आजी मूळची हेरानुश. मृत्युयात्रेतून एका तुर्की शिपायाने उचलून नेलेली आर्मेनियन मुलगी. पुस्तकात आकड्यांचा वाद नाही. ईस्टरच्या सुमारास चोरेक नावाचा गोड पाव भाजून एकमेकींना देणाऱ्या, कारण न सांगणाऱ्या म्हाताऱ्या बायका त्यात आहेत. त्यानंतर अनेकांना आपापल्या घरातील अशा आज्या आठवल्या. पुढच्याच वर्षी ‘तुर्कत्वाचा अवमान’ या नव्या दंडसंहितेतील कलमाखाली ओर्हान पामुक यांच्यावर खटला भरला गेला, आणि जानेवारी २००७ मध्ये आर्मेनियन संपादक ह्रांत डिंक यांची इस्तंबूलमध्ये भर रस्त्यात हत्या झाली; म्हणजे धोका संपला होता असे नव्हे. तरी नकाराला वळसा घालून जाणारी वाट घराच्या आतून होती. सुंदरलाल अहवालात पळवलेल्या स्त्रियांचा आणि सक्तीच्या धर्मांतरांचा उल्लेख आहे. त्या स्त्रिया ज्या घरांत राहिल्या ती घरे मराठी बोलणारी असू शकतात. मराठी ग्रामीण कादंबरीने विहीर, वाडा, वाटणी, सासुरवास यांचा एवढा तपशील साठवला आहे की अशी एखादी आजी तिच्यात सहज मावली असती.

*

नकाराची झळ एकाच बाजूला बसते असे मानणे चूक ठरेल. रझाकारांच्या बळींची स्मृतीही त्याने दुबळी केली. बीदर जिल्ह्यातील गोरटा येथे १९४८ मध्ये रझाकारांनी केलेले हत्याकांड मराठीभाषक सीमाभागाच्या आठवणीत आहे. शोएबुल्ला खान हा भारतात विलीनीकरणाची बाजू मांडणारा संपादक. त्याची हत्या २२ ऑगस्ट १९४८ रोजी रझाकारांनीच केली. शौर्यकथेच्या बंधात गोरट्याच्या मृतांना स्थान आहे ते विजयाची प्रस्तावना म्हणून. त्यांची नावे, त्यांची घरे, त्यांच्या मागे राहिलेल्यांचे पुढे काय झाले हे विचारण्याची गरज त्या बंधाला नसते. शोएबुल्ला खानला तर त्यात जागाच अवघडून करावी लागते, कारण तो मुसलमान असून रझाकारांचा बळी आहे. एका हिंसेविषयी नेमकेपणाने बोलण्याची सवय भाषेला लागली असती, तर ती दुसरीलाही उपयोगी पडली असती. गोरट्याचे भव्य स्मारक उभे राहिले ते २०२३ मध्ये, निवडणुकीच्या तोंडावर, उंच ध्वजस्तंभासह. २०२४ मध्ये केंद्र सरकारने १७ सप्टेंबर हा दरवर्षी ‘हैदराबाद मुक्ती दिन’ म्हणून पाळण्याचे अधिसूचित केले. ज्या स्मृतीला साहित्याने आकार दिला नाही तिला राजकारण आकार देते, आणि मग तिचा उपयोग हयात माणसांवर होतो.

राज्यसंस्थेलाही नकाराची सवय लागते. येथे नौपाड्याकडे पुन्हा वळावे लागते. तेथून काही किलोमीटरवर, पारसिकच्या डोंगरापलीकडे मुंब्रा आहे. १९९२-९३ च्या मुंबईतील दंगलींनंतर तेथे मुसलमान कुटुंबे मोठ्या संख्येने येऊन वसली. त्या दंगलींची चौकशी न्या. श्रीकृष्ण आयोगाने केली. १९९८ मध्ये राज्य सरकारने आयोगाचा अहवाल विधिमंडळापुढे ठेवला आणि तो एकांगी असल्याचे सांगून त्याचे निष्कर्ष फेटाळले. पन्नास वर्षांत पद्धत बदलली होती : अहवाल दडवला नाही, छापून नाकारला. या दुसऱ्या नकाराची मराठी साहित्यातील पडछाया शोधणाऱ्याला जवळपास तशीच वाक्ये भेटतात. ‘उद्रेक’, ‘प्रतिक्रिया’, ‘घडले’. डिसेंबर २०१० मध्ये अखिल भारतीय साहित्य संमेलन ठाण्यात भरले. संमेलनांच्या व्यासपीठांवर सामाजिक बांधिलकीची चर्चा नेहमीच होते, आणि ती होताना वाक्यांची रचना कोणी तपासत नाही.

*

आता साधने पूर्वीपेक्षा बरीच अधिक आहेत. टेलर शर्मन यांनी कारवाईनंतरच्या हैदराबादी मुसलमानांच्या नागरिकत्वाचा प्रश्न २०१५ मध्ये तपशिलाने मांडला. तेलुगू कवी व अभ्यासक अफसर मोहम्मद यांचे मौखिक साक्षींवर आधारलेले पुस्तक २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात उर्दू आणि तेलुगू लेखनाचा विचार आहे. तेलुगूत नेल्लूरी केशवस्वामींच्या कथा आहेत, उर्दूत इब्राहिम जलीस आणि जीलानी बानो आहेत. या तुलनेत मराठीची बाजू रिकामी दिसते. परंतु ती खरोखर रिकामी आहे की साच्याबाहेरचे लेखन समीक्षेला वाचता आले नाही, हे तपासल्याशिवाय निर्णय देऊ नये. मराठवाड्यातील आत्मकथने, जिल्हा गॅझेटियरे, हस्तलिखित रोजनिश्या, शाळांच्या शतकमहोत्सवी स्मरणिका, मशिदींच्या आणि वक्फच्या नोंदी यांतून १९४८ ते १९५६ या वर्षांचे वाचन व्हावयास हवे. अहवालातील जिल्ह्यांपैकी उस्मानाबादचे नाव २०२३ मध्ये धाराशिव झाले. नामांतराच्या योग्यायोग्यतेचा वाद येथे अप्रस्तुत आहे, तथापि यापुढे अहवाल वाचणाऱ्या मराठी विद्यार्थ्याला एक तळटीप अधिक लागेल.

साक्षीदार संपत आले आहेत. १९४८ मध्ये जो दहा वर्षांचा होता तो आज पंच्याऐंशीच्या पुढे आहे. मराठवाड्यात जुनी माणसे आपले वय सांगताना अजूनही सालाचा आकडा टाळतात. मराठी बोलणारा ‘रझाकाराच्या वेळी मी एवढा होतो’ असे हाताने उंची दाखवून सांगतो. दखनी बोलणारा तशीच उंची दाखवतो आणि ‘पुलिस ॲक्शन के टाइम’ म्हणतो.